विश्लेषण : जुन्या कारची चावी अडकते, घसरते… इग्निशन लॉक झिजल्याचे कसे ओळखावे?

चावी दोन-तीनदा हलवल्याशिवाय फिरत नाही. कधी सेल्फ लगेच लागतो, तर कधी काहीच होत नाही. जुन्या कारच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. ‘गाडीला आपला हात ओळखीचा आहे’ म्हणत अनेक जण ते चालवून घेतात. मात्र यातील काही लक्षणे केवळ गैरसोयीची असतात, तर काही जिवावर बेतू शकतात. ती वेगळी कशी ओळखायची, याविषयी…

जुन्या गाड्यांचा प्रश्न का महत्त्वाचा?

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करता येते. १ एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या कारसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची, तर तिची देखभालही तशीच हवी. इंजिन, ब्रेक, टायर यांकडे लक्ष जाते. दिवसातून अनेकदा फिरणाऱ्या चावीकडे मात्र क्वचितच जाते.

लॉक आणि स्विच यांत फरक काय?

चावी जिथे घालतो, तिथे प्रत्यक्षात दोन भाग असतात. पुढचा भाग म्हणजे कुलूप. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक धातूच्या पट्ट्या असतात. चावीच्या खाचा जुळल्या की पट्ट्या योग्य जागी येतात आणि कुलूप फिरते. मागचा भाग म्हणजे इग्निशन स्विच. तो विजेचे संपर्क जोडतो : एका स्थितीत रेडिओ, पुढच्या स्थितीत इंजिन आणि डॅशबोर्ड, शेवटी सेल्फ. कुलूप झिजले तर चावीला त्रास होतो. स्विच झिजला तर विजेला. गॅरेजमध्ये अनेकदा एकाच्या दुखण्यासाठी दुसरा भाग बदलला जातो आणि पैसे वाया जातात.

कुलूप झिजल्याची लक्षणे कोणती?

चावी आत जाताना अडकते, फिरवण्यासाठी किंचित मागे ओढावी लागते, किंवा गाडी चालू असतानाही बाहेर निघते. पहिली परीक्षा सोपी आहे : घरात पडून असलेली, फारशी न वापरलेली दुसरी चावी लावून पाहा. ती सहज फिरली तर झीज मुख्यतः चावीची आहे. दोन्ही अडकल्या तर कुलूपच संशयित. मात्र त्याआधी स्टिअरिंग तपासा. चाके वळवून गाडी उभी केली असेल तर स्टिअरिंग लॉकवर ताण येतो आणि चांगली चावीही फिरत नाही. अशा वेळी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवावी. जोर लावल्यास चावी आतच तुटण्याची भीती असते.

दोष स्विचचा की बॅटरीचा?

गाडी उभी करून, हँडब्रेक लावून आणि न्यूट्रलमध्ये ठेवून चावी ‘ऑन’वर आणा आणि हलकेच हलवा. डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले किंवा इंजिन अडखळले, तर स्विचचे संपर्क खराब झाल्याची शक्यता मोठी. सेल्फ मारताना हेडलाइट एकदम मंद होत असतील, तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहा. दिवे प्रखर राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर वायरिंगवाल्याला सेल्फच्या बारीक वायरवर वीज पोहोचते का, हे टेस्टरने पाहायला सांगा. पोहोचत असेल तर दोष सेल्फकडे. नसेल तर स्विच, रिले किंवा वायरिंगकडे. सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही आणि चावीचा दिवा लुकलुकत राहतो, तेव्हा बहुधा चावीतील चिप ओळखली जात नसते. त्यात कुलपाचा दोष नाही.

जनरल मोटर्स प्रकरणात काय घडले?

२०१४ मध्ये या कंपनीने शेव्हरोले कोबाल्टसह काही मॉडेलच्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्विचमध्ये चावी जागेवर धरून ठेवणारा प्रतिकार मुळातच कमी होता. जड जुडगा, गुडघ्याचा धक्का किंवा खड्डा यामुळे चावी ‘ऑन’वरून मागे सरकत असे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅगची वीजही जाई. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तिथे दोष रचनेत होता; पण जुन्या गाडीत झिजेमुळे चावी अशीच घसरू लागली तर परिणाम तोच होऊ शकतो. त्यामुळे चावी ‘ऑन’वर घट्ट बसत नसेल, तर दुरुस्तीपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नये आणि जुडग्यात एकच चावी ठेवावी.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्यास?

चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्रेकला एक-दोन वेळा पुरेल इतका जोर शिल्लक असतो, म्हणून तो सारखा न दाबता एकदाच ठामपणे दाबा. धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्या.

दुरुस्ती करताना काय पाहावे?

झिजलेल्या चावीवरून काढलेली नवी चावी झीजही जशीच्या तशी घेऊन येते. शक्य असल्यास मूळ कोडवरून चावी कापून घ्या. कुलपात तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. कुलूप आणि स्विच वेगवेगळे मिळतात का, हे आधी विचारा. कुलूप बदलले तरी चिप असलेली जुनी चावी टाकून देऊ नका. नव्या चावीची चिप गाडीशी जुळवली जाईपर्यंत गाडी जुन्याच चिपला ओळखते.