दगडातला शंख ओळखायचा कसा?

सुट्टीत कच्छला गेलात आणि टेकडीच्या पायथ्याशी मुलांना नक्षीदार दगड दिसला, तर "चला, ऊन वाढतंय" म्हणण्याआधी जरा थांबा. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी कच्छच्या मोठ्या भागावर उथळ समुद्र होता. त्यातले शंख-शिंपले आज तिथल्या खडकांत जीवाश्म होऊन बसले आहेत. ते ओळखायला एक साधं भिंग आणि थोडं पाणी पुरतं. दगड ओला केला की नक्षी उठून दिसते.

गुंडाळी दिसतेय?
चकलीसारखी, एकाच पातळीत गुंडाळलेली असेल तर तो बहुधा अमोनाइट. हा माकूळ आणि ऑक्टोपसचा नातेवाईक. त्याच्या आत कप्पे असतात आणि वरचं कवच झिजलं की कप्प्यांच्या नागमोडी रेषा दिसतात. देवघरातला शाळिग्राम आठवा. नेपाळच्या गंडकी नदीतल्या अनेक शाळिग्रामांवरचं चक्र म्हणजे अमोनाइटचीच गुंडाळी! तीच गुंडाळी गोल जिन्यासारखी वर चढत गेली असेल, तर तो गोगलगाईच्या कुळातला शंख समजा.

शिंपला दिसतोय?
त्याच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत मधोमध एक रेघ मनातच ओढा. डावी-उजवी बाजू अगदी सारखी असेल, तर तो बहुधा ब्रॅकिओपॉड. शिंपला एका बाजूला कललेला वाटला, तर तो आपल्या तिसऱ्यांच्या कुळातला. काही शिंपले यालाही अपवाद असतात, म्हणून दोन्ही झडपा मिळाल्या तर त्याही ताडून बघा. ब्रॅकिओपॉडची एक झडप दुसरीपेक्षा वेगळ्या आकाराची असते.

गोळी की फूल?
बंदुकीच्या गोळीसारखा लांबट, टोकदार दगड हा बेलेमनाइट असू शकतो. माकुळासारख्या प्राण्याच्या शरीरातला तो टणक भाग. गोल दगडावर पाच पाकळ्यांचं फूल दिसलं, तर तो सी अर्चिन असण्याची शक्यता आहे.

इथे फसू नका
दगडावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी असेल, तर ती बहुतेक वेळा खनिजाची असते, वनस्पतीची नाही. आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात समुद्री शंख शोधत बसू नका. तो लाव्हारस थंड होऊन बनलेला खडक आहे.

सापडला, आता पुढे?
छिन्नी-हातोडी नकोच. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्याच सुमारास नाहीसे झाले. म्हणून ज्या थरात अमोनाइट रुतलेला आहे, तो थर त्याहून जुना हे लगेच कळतं. पण जीवाश्म उपटून घरी आणला, की तो कुठल्या थरातला हेच हरवतं आणि उरतो फक्त शोकेसमधला एक दगड. त्यापेक्षा शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची खूण करून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. मुलांना दगड घरी नेता आला नाही, तरी त्याची गोष्ट मात्र त्यांना पूर्ण कळेल.