शिदोरीची लाज कशाला?

पहाटेचे विमान गाठण्यासाठी मध्यरात्रीच घर सोडलेले कुटुंब सुरक्षा-तपासणी आटोपून आत येते, तेव्हा मुलांच्या पोटात कावळे ओरडत असतात. समोर झगमगत्या दुकानांची रांग असते आणि विमानात बसायची वेळ जवळ आलेली. एस.टी. स्थानकावर ज्या पैशांत साऱ्या कुटुंबाची न्याहारी झाली असती, त्यात येथे एखादा बर्गर आणि कागदी पेल्यातली कॉफी येते. कुटुंबप्रमुख दरफलकाकडे पाहतो, मुलांकडे पाहतो आणि निमूटपणे पाकीट काढतो. आजीच्या पिशवीतला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा तसाच राहतो. 'येथे नको उघडूस, लोक बघतात,' असे तिला हळूच बजावलेले असते.

या दरांमागे एक व्यवस्था आहे. तपासणीनंतर प्रवाशाला बाहेर जाता येत नाही. दुकानदारालाही विक्रीतील ठरलेला वाटा वा किमान हमीची रक्कम विमानतळचालकाला द्यावी लागते. ती अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघते. २०१६च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने तर अशा बिगरहवाई उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानतळ शुल्काचा भार हलका करण्यासाठी धरला आहे. त्यामुळे एकट्या दुकानदाराला लुटारू ठरवून प्रश्न सुटणारा नाही.

सामान्य नागरिकाला विमानप्रवास घडावा, या हेतूने आखलेल्या 'उडान' योजनेचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला झेपावले. ज्याला तिकीट परवडावे म्हणून शासन झटते, त्याला चहा परवडू नये, ही विसंगतीच होय. २०२४च्या हिवाळी अधिवेशनात हा विषय संसदेत निघाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. तेथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२५मध्ये चेन्नईनेही तोच मार्ग धरला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र असे दालन प्रत्येक विमानतळावर, तेही तपासणीच्या आतल्या बाजूस हवे. दुकानांचे करार करतानाच तशी अट घातली, तर ते अशक्य नाही.

शासनाने करायचे ते शासनाने करावे. पण उरलेला अर्धा भाग आपल्या हाती आहे. देशांतर्गत प्रवासात पोळीभाजी, दशम्या, लाडू असे घरचे कोरडे खाणे बरोबर नेण्यास सहसा आडकाठी नसते. आडवी येते ती आपलीच भीड! वारीच्या वाटेवर आणि रेल्वेच्या डब्यात शिदोरी सोडताना मराठी माणसाला कधी संकोच वाटला नाही. उलट शेजारच्या प्रवाशापुढे डबा धरल्यावाचून घास घशाखाली उतरला नाही. गोपाळकाल्याचा आनंद तरी दुसरे काय शिकवतो? वाहन बदलले म्हणून संस्कार बदलण्याचे कारण नाही. ज्याला बर्गर आवडतो त्याने तो खुशाल खावा. पण घरच्या पुरीची लाज वाटून मात्र कोणी तो खाऊ नये. पुढच्या प्रवासात आजीचा डबा जरूर उघडावा आणि पहिली पुरी शेजाऱ्याला द्यावी.