वजनकाट्याला शिक्का लागतो, मग शाळेच्या कॉम्प्युटरला का नको?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. एडवण, केळवे, दातिवरे, माथाणे, सफाळे, सगळ्यांच्या पोरांचा प्रश्न आहे.

मागच्या महिन्यात आपल्या पट्ट्यातल्या एका शाळेत गेलो होतो. नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एकाच शाळेची नाही. कॉम्प्युटर रूमला कुलूप. विचारलं तर सर म्हणाले, "चार मशीन मेल्यात. चालू केलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला." मशीन नवीन. मग झालं काय? कोणीतरी देणगीत जादा रॅम दिली, आठाचे सोळा जीबी केले, फोटो काढले, बॅनर लागला. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन काळी. तीन महिने पोरं फळ्यावर माऊसचं चित्र बघून परीक्षेची तयारी करत होती.

मी एक मशीन चालू केलं आणि खुर्ची ओढून बसलो. सर दोनदा बटण दाबायला आले, दोनदा हात धरला. चार-पाच मिनिटांनी मशीन उठलं. दुसरंही तसंच उठलं. तिसऱ्यातली नवी रॅम काढल्यावर ते सुरू झालं, कारण जुनीशी तिचं जमत नव्हतं. चौथं मात्र खरंच गेलेलं. म्हणजे चारातली तीन मशीन जिवंत होती, आणि आपण त्यांना भंगारात काढायला निघालो होतो!

ती चार-पाच मिनिटं मशीन करतं काय? झोपलेलं नसतं. ते आपली मेमरी जुळवून घेत असतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. आता रोज विरारहून येणाऱ्यांना लगेच कळेल असं सांगतो. घड्याळाचा सिग्नल म्हणजे डहाणू लोकल समजा. ती रॅमच्या पट्टीवरच्या एकेका चिपला क्रमाने भेटते, जशी आधी वैतरणा, मग सफाळे, केळवे रोड, पालघर. डेटा मात्र प्रत्येक चिपकडे आपापल्या वायरने येतो, म्हणजे प्रत्येक स्टेशनवरची वेगळी रिक्षा. सगळ्या रिक्षा एकाच वेळी स्टेशनात लावल्या तर सफाळ्याची बरोबर भेटेल, पालघरची ताटकळेल. म्हणून प्रत्येक रिक्षाला आपली वेळ शोधून द्यावी लागते. मेमरी कंट्रोलर तेच करतो, थोडं आधी, थोडं नंतर असं करून बघतो आणि जमेल ती वेळ पक्की करतो. २००७ च्या डीडीआर-३ पासून हे चालत आलंय.

आणि वेळ किती बारीक? डीडीआर-५ ची ४८०० वाली रॅम एका वायरवर सेकंदाला ४८० कोटी बिट पाठवते. एका बिटच्या वाट्याला आलेल्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटीमीटरच जातो. रॅम बदलली की मागची वेळापत्रकं रद्द, जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. ती चालू असताना तुम्ही बटण दाबलं किंवा लाइट गेली, की परत शून्यावर. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचं काय होतं ते मी सांगायला नको.

आणखी एक. चिपला वायर किती जोराने ओढायची हेही मोजावं लागतं. त्यासाठी बाहेर २४० ओहमचा एक अचूक रेझिस्टर असतो, चिप त्याच्याशी स्वतःला ताडून बघते. उष्णता वाढली, व्होल्टेज हललं की पुन्हा ताडते. बाजारात म्हावऱ्यावालीच्या काट्याला शिक्का लागतो, तसाच हा शिक्का. दहा रुपयांच्या बोंबलांसाठी आपण काटा तपासतो आणि लाखांची लॅब "किती जीबी?" एवढंच विचारून ताब्यात घेतो!

माझा राग दुकानदारावर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. खरेदीच्या कागदावर जीबी असतात; रॅमचा प्रकार, वेग, जोडी एकसारखी आहे का, बोर्डाला ती चालते का, यातलं काही नसतं. बिघडलं की खोडरबरने पट्टी घासायची. दमट खाऱ्या हवेत त्याने कधी चालूही होतं, पण खोडरबर म्हणजे देखभाल नव्हे.

काही जण म्हणतील, "शाळेला शिक्षक नाहीत, तुम्ही रॅमचं काय घेऊन बसलात?" अहो, शिक्षक मागाच, मीही तुमच्याबरोबर येतो. पण मी मागतोय त्याला फारसा पैसा लागत नाही:

१. खरेदी असो वा देणगी, रॅम बोर्डाला चालणारी आणि एकसारख्या जोडीतली. कागदावर लिहून.
२. ताबा घेण्याआधी रात्रभर मेमरी टेस्ट. मेमटेस्ट फुकट मिळतं.
३. लॅबमध्ये यूपीएस, आणि भिंतीवर पाटी: "रॅम बदलली तर पहिल्यांदा दहा मिनिटं थांबा. बटण दाबू नका."
४. एक शिक्षक आणि नववीची दोन पोरं यांना अर्धा दिवस हे शिकवायचं. मी फुकट येतो.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. शेजारी गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा मेमरी चिप जोडणी आणि चाचणीचा कारखाना २०२३ ला मंजूर झाला, २२,५१६ कोटींचा. तिथे काम कोणाला मिळणार? ज्याला काळी स्क्रीन बघून "थांबा, जुळतंय" म्हणता येतं त्याला. आपल्या पोरांना आपण "मेलं, फेकून द्या" एवढंच शिकवतोय.

पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत हे चार मुद्दे मी मांडणार आहे. या. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा, पण लॅबचं कुलूप उघडल्याशिवाय गप्प बसू नका.