ग्लिया पेशींचा रासायनिक संवाद आणि मेंदूज्वराचा प्रश्न

रुडॉल्फ फिर्खो या जर्मन रोगशास्त्रज्ञाने १८५६ साली चेतापेशींभोवतीच्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतासंस्थेतला डिंक, असे नाव दिले. नाव चिकटले आणि त्याबरोबर गैरसमजही. शालेय जीवशास्त्र ग्लिया पेशींची बोळवण बहुधा ‘आधार व संरक्षण’ एवढ्यावरच करते.

वस्तुतः या पेशी रसायनांच्या द्वारे सतत संवाद साधत असतात. ग्लुटामेटमुळे ॲस्ट्रोसाइट पेशींत कॅल्शियमची पातळी वाढते आणि ती लाट शेजारच्या पेशींत पसरते, हे १९९० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसले. पेशीचे इंधन म्हणून शिकवला जाणारा एटीपी हा रेणू पेशीबाहेर पडला की निरोप्या होतो. इजा झालेल्या ठिकाणचा एटीपी ओळखून मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशी, काही मिनिटांत आपले तंतू तिकडे वळवतात.

भारतासाठी हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. जपानी मेंदूज्वराने पूर्व उत्तर प्रदेश, बिहार व आसामात असंख्य मुलांचे बळी घेतले; वाचलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला कायमचे अपंगत्व आले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील अनिर्बन बसू यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की विषाणूने उद्दीपित झालेल्या मायक्रोग्लियांनी सोडलेली दाहकारक द्रव्येही चेतापेशींचा नाश करतात. मिनोसायक्लिन या जुन्या, स्वस्त प्रतिजैविकाने हा दाह आवरून बाधित उंदरांचे मृत्यू कमी करता आले. पुढे लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात २८१ रुग्णांवर चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. पण रुग्णालयातील पहिला दिवस तरून गेलेल्यांत कल आशादायक होता.

या निकालावर विषय मिटवणे अन्यायाचे होईल. चाचणीत तीव्र मेंदूज्वराचे नाना कारणांचे रुग्ण होते, केवळ जपानी मेंदूज्वराचे नव्हते. शिवाय खेड्यातून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दाह बराच पुढे गेलेला असू शकतो. लसीकरण अत्यावश्यकच आहे. मात्र बाधा झालेल्या मुलाच्या मेंदूतील दाह लस शमवू शकत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांत, निदान लवकर झालेल्या रुग्णांवर अधिक मोठी चाचणी व्हायला हवी. तिचा खर्च सार्वजनिक निधीतूनच यावा लागेल, कारण पेटंट केव्हाच संपलेल्या औषधात कोणत्याही कंपनीला नफा दिसणार नाही.