ताम्हण की कळलावी?

मृगाच्या तोंडावर रोपवाटिकेत येणारा ग्राहक आता देशी झाडं मागू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. बागेत एकच देशी फूल लावायचं असेल तर कोणतं, असं त्याने विचारलं की आपल्याकडचं उत्तरही जवळजवळ ठरलेलं असतं: जागा असेल तर ताम्हण, नसेल तर कळलावी. दोन्ही वनस्पती मोलाच्या आहेत. पण निवड निव्वळ जागेच्या मापावर करणं आम्हाला पटत नाही. ती पाण्यावर ठरावी, आणि बाग रोज कोणाच्या हाताखाली असणार आहे यावर ठरावी.

ताम्हण मुळात ओढ्याकाठचा. कोकणात नदीनाल्यांच्या कडेने तो आपसूक वाढतो आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचलं तरी तग धरतो. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, पुढे पालवी फुटते आणि एप्रिल ते जून या काळात नव्या फुटीच्या शेंड्यांवर जांभळ्या, चुणीदार पाकळ्यांचे तुरे उभे राहतात. यातली शेंड्याची बाब आपल्या कामाची. बहर चालू हंगामाच्या फुटीवर येत असल्याने छाटणी पानगळीतच उरकायला हवी. पावसाळ्याआधीची म्हणून एप्रिल-मेमध्ये सरसकट छाटणी झाली की फांद्यांबरोबर त्या वर्षाची फुलंही खाली येतात. शहरातल्या रस्त्यांवर दरवर्षी हे घडतं आणि ते पाहून जीव हळहळतो.

दहा-पंधरा मीटर उंच जाणारा हा वृक्ष कुंपणाची भिंत आणि विजेच्या तारा यांच्यामधल्या पट्टीत लावणं म्हणजे त्याला जन्मभराच्या छाटणीची शिक्षा देणं. नको झाला म्हणून उपटताही येत नाही. नागरी भागात १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे तोडीला परवानगी लागते. ग्राहकाला हे रोप देतानाच सांगावं. योग्य जागा मिळाली तर मात्र ताम्हणासारखं निश्चिंत झाड नाही. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आळ्याला पाणी मिळालं की पुढे माळी बदलला, मालक बदलला, तरी तो वेळेवर फुलतो.

कळलावीचा स्वभाव नेमका उलटा, म्हणूनच तिच्याबद्दल जास्त बोलायला हवं. पहिल्या पावसात जमिनीतून कोंब वर येतो, पानांची टोकं तणाव्यांसारखी वळतात आणि त्यांच्या आधाराने वेल करवंदीच्या जाळीवर किंवा कुंपणावर चढते. फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं असतं. मग पाकळ्या मागे उलटतात, कडा कुरळ्या होतात, रंग नारिंगीवरून लालभडक होतो. एकाच वेलीवर हे सगळे टप्पे शेजारीशेजारी दिसतात. फुलाचा कुक्षीवृंत बुडाशीच काटकोनात आडवा वळलेला असतो, तो एकदा हातात धरून पाहावा. परागकण आपोआप कुक्षीवर पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती करणारे शेतकरी म्हणूनच हाताने परागीकरण करतात.

दिवाळीच्या सुमारास वेल वाळते. पुढचे सहा-सात महिने तिथे काहीच दिसत नाही, आणि बागेतल्या बहुतेक कळलावी याच काळात मरतात. रिकामी दिसणारी जागा नवा माळी खणतो, किंवा त्याच वाफ्यात हंगामी फुलं लावून रोज पाणी सोडतो. सुप्तावस्थेतल्या कंदाला ओल सोसत नाही, तो कुजतो. कंद काटकोनात दुभंगलेला असतो, त्याच्या टोकाशी डोळा असतो आणि तो अतिशय ठिसूळ. कुदळीच्या धक्क्याने डोळा मोडला तर धडधाकट दिसणाऱ्या कंदालाही कोंब येत नाही. रोपवाटिकेतून बेणं देताना कंद हाताळण्यातली ही काळजी आपल्याकडे फारशी घेतली जात नाही.

एकीचा बहर ओसरतो तेव्हा दुसरीचा सुरू होतो, म्हणून ताम्हणाच्या बुंध्याशी कळलावी लावण्याचा मोह होतो. आराखड्यावर ही जोडी शोभतेही. पण कोवळ्या ताम्हणाला मार्च ते मे पाणी हवं आणि कळलावीला त्याच महिन्यांत कडक ताण हवा. एका ठिबकवर दोन्ही जगत नाहीत. जोडी करायचीच असेल तर कळलावी ठिबकच्या ओलीबाहेर, उतारावर किंवा गादीवाफ्यावर, आधाराला झुडूप देऊन लावावी, आणि कंदाच्या जागेवर पक्की खूण ठोकावी.

विषाचा मुद्दा तर टाळताच येणार नाही. कळलावीच्या सर्वांगात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत विशेष. गाऊटवरच्या औषधात ते वापरतात. बिनबियांच्या कलिंगडासाठी लागणारं दुप्पट गुणसूत्रांचं वाण तयार करायलाही हेच रसायन उपयोगी पडलं. पण कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. लहान मुलं, कुत्री किंवा गुरं मोकळी फिरतात तिथे ही वेल देऊ नये. बालवाडीच्या किंवा सार्वजनिक उद्यानाच्या आराखड्यात तर नाहीच. अशा जागी ताम्हणच योग्य. आणि जिथे कळलावी द्याल तिथे पिशवीवर ‘विषारी, हातमोजे वापरा’ हे शब्द मराठीत, ठळक छापलेले असू द्या.

आमचा आग्रह शेवटी बेण्याबद्दल आहे. कोकणात गणपतीच्या माटवीला कळलावीची फुलं बांधतात, त्याने वेलीचं बिघडत नाही, कंद जमिनीतच राहतो. बिघडतं ते बागांची मागणी भागवण्यासाठी डोंगरातून कंद खणून आणले की. बियांपासून रोप करायला वेळ लागतो. उगवण संथ असते आणि फूल दिसायला साधारण तीन पावसाळे जातात. म्हणून रोपाची किंमत जास्त लावावी लागली तर लावा आणि ग्राहकाला तिचं कारण सांगा. या पावसाळ्यानंतर स्वतःच्या मातृवेलींची बोंडं तडकू लागतील तेव्हा त्यातल्या लाल बिया काढून ठेवा, पुढच्या पावसाच्या आधी निचऱ्याच्या मातीत पेरा, आणि डोंगरातून आलेला कंद कोणी दारात आणून दिला तर तो विकत घेऊ नका.