उशीर कुणी केला?

"इतका उशीर का केलात बाई?" आजारी मूल घेऊन आलेल्या आईला दवाखान्यात हमखास हे ऐकावं लागतं. घरी उरलेलं अँटिबायोटिक, दुकानातून आणलेलं पातळ औषध पाजून झालेलं असतं. ते घातकच. पण दवाखाना म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडं, शिवाय नवऱ्याची आणि सासूची परवानगी. मग दोष एकट्या आईचा कसा?

गडचिरोलीत 'सर्च'ने १९९५ पासून गावातल्याच बायांना नवजात बाळांवर उपचार करायला शिकवलं. तीन वर्षांत तिथले नवजात-मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दटावून नव्हे, बाईच्या हाती ज्ञान देऊन मुलं वाचतात.

मूल पिईनासं झालं, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, की कुणालाही न विचारता निघायचं. हा आईचा हक्क आहे. मैत्रिणींनो, मंडळाच्या बैठकीत हे बोलूया.