आजीचे गुडघे आणि नातवाचा डबा

जबलपूरला आमच्या आत्या राहतात. वय अडुसष्ट. गेल्या दिवाळीत पाहिले, तर देवासमोरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागत होता. व्यायामशाळेत जाणाऱ्या नातवाने अमिनो आम्लांच्या पावडरीचा आपला डबाच पुढे केला, "आजी, रोज एक चमचा घे." आत्यांनी किंमत विचारली आणि डबा परत केला!

मग मी त्यांचा आहार विचारला. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण. रात्री चहा-टोस्ट. "रात्री डाळ पचत नाही गं." खरे दुखणे इथेच होते.

स्नायू प्रथिनांचे आणि प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. डब्यावर नावे होती तीनच, ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन. ल्युसीन स्नायूंच्या बांधणीला चालना देते हे खरे, पण उरलेली सहा नसतील तर बांधणी अडते. गहू-तांदळात लायसीन कमी असते, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्यात. म्हणून वरणभात आणि खिचडी! फक्त वरण दाट हवे.

गंमत म्हणजे डब्याला उत्तर जबलपुरातच आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने साठच्या दशकापासून सोयाबीनवर काम केले. त्यांचे १९९४ चे 'जेएस ३३५' हे वाण आपल्या विदर्भ-मराठवाड्यातही शेतोशेती पोहोचले. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत साधारण २२. मात्र कच्चे सोयाबीन प्रथिनांचे पचन रोखते, ते भाजून वा शिजवूनच घ्यावे.

प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. उतारवयात १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

आत्यांच्या दळणात आता नऊ किलो गव्हाला एक किलो भाजलेले सोयाबीन पडते. रात्री टोस्टऐवजी मऊ मूगडाळ खिचडी आणि वाटीभर दही. शिवाय नातू त्यांना रोज दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावतो. नुसते खाऊन स्नायू बळकट होत नाहीत, हे त्यालाच आधी पटले. परवा फोनवर आत्या म्हणाल्या, "सात वेळा जमतं. उरलेले तीन तो मोजायला चुकतो."